आधी काय

विजेच्या बिलाच्या पाठीवर
सगळ्यात वर मी सायलेन्सर लिहिला,
पुढे अठ्ठावीस हजार,
खाली दोन रेघा.
भिशी लागली होती. चाळीस हजार.
रामबागेतल्या आमच्या बोळात
ताडपत्रीखाली पिवळी उभी होती,
सोळाशे सीसी,
जिची कंपनी केव्हाच देश सोडून गेली, ती.

सायलेन्सर, कारण मी पोचायच्या आधी
माझा आवाज पोचायला हवा होता.
पॅथॉलॉजीत दिवसभर मी कुजबुजते:
मूठ वळा, दुखणार नाही, झालं.
एखादं तरी वाक्य आपलं मोठ्यानं असावं.

ओजस म्हणाला, वेडी आहेस, मॅप बदल.
लॅपटॉप जोडायचा, अर्ध्या तासात
पंधरा घोडे वाढतात.
मी विचारलं, दिसतात का?
म्हणाला, सुपर कॉरिडॉरवर दिसतील.
मग त्यानं अलॉय दाखवले, काळे, बारा आऱ्यांचे,
आणि मी बघत राहिले
लोक शेजारच्या ताटात बघतात तशी.

बिलावर खाडाखोड वाढली.
स्प्रिंगा आल्या, गेल्या.
बकेट सीट चार दिवस मुक्कामाला होती.
पोतनीस काका गच्चीवरून विचारायचे,
ॲव्हरेज किती देते?

देवास नाक्याला हबीबभाईंनी कागद घेतला,
उलटा केला, आधी बिलच वाचलं.
“दीदी, पेले बिजली भर दो.”
मग सायलेन्सरचं नावही न काढता
चाकापाशी उकिडवे बसले,
टायरच्या गालावरची धूळ अंगठ्यानं पुसली.
चार आकडे. अकरा बारा.
“बारा साल का ग्यारवा हफ्ता.”
नक्षी अजून खोल होती; गाडी उभीच जास्त राहिलेली.
त्यांनी नख रुतवून दाखवलं.
रुतलं नाही.
“रबड़ नी रिया, पत्थर हो गिया.”

बारा साल, अकरावा आठवडा.
तेव्हा मी दहावीचा भूमितीचा पेपर देत होते बहुतेक.
स्पर्शरेखा (तुमच्याकडे स्पर्शिका म्हणतात म्हणे)
वर्तुळाला एकाच बिंदूत टेकते.
पाच मार्क. पूर्ण मिळाले होते.
हबीबभाईंनी ऑइलचा पंजा फरशीवर ठेवला.
“बस इत्ता. हर टायर का इत्ताच.
पूरी गाड़ी चार हथेली पे खड़ी है.”
हात उचलला तेव्हा
फरशीवर तो तसाच राहिला, पाचही बोटांसकट.

घरी येताना मी चाळीसच्या वर गेलेच नाही.

टायर चार, चोवीस हजार.
ब्रेकचे पॅड बावन्नशे.
ऑइल, अलाइनमेंट, बॅलन्सिंग मिळून एकोणीसशे.
वीज अठराशे चाळीस.
उरले सात हजार साठ,
म्हणजे सायलेन्सरची पाव नळी.

ओजस रुसला. फोटो कसला काढायचा?
आधीही गोल काळं होतं,
आताही गोल काळंच.
काकांनी तेच विचारलं.

रविवारी, उजाडायच्या आत, खंडवा रोड.
सिमरोलच्या घाटात एक डावं वळण आहे
जिथं ती दर वेळी किंचाळायची
आणि मागची बाजू क्षणभर
दुसऱ्याच गावाला निघायची.
मी हात घट्ट केले. वाट पाहिली.

काही झालं नाही.
वळण होतं तिथंच राहिलं
आणि आम्ही त्याच्या पलीकडे होतो.
आरशात एक बंद टपरी, एक ट्रक, थोडा उजेड.
ओरडायला तिच्याकडे आता काहीच नव्हतं.

मग मी काच खाली केली,
दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकली
आणि तोंडानंच काढला तो आवाज,
ओठ थरथरवत, थुंकी उडेस्तोवर,
पूर्ण अठ्ठावीस हजारांचा.