ओलं आहे अजून

झेनोबिओ तोलाबा दर ऑगस्टात टेकडी चढून
त्या कार्दोनवर टकटक करायचा,
काट्यांमधल्या दोन बोटं जागेत, कान लावून.
"ओलं आहे अजून," म्हणायचा. परत फिरायचा.

उभा कार्दोन तोडायला बंदी.
आपणहून वाळला, तरच करवत.

चर्चचं दार त्याच्या आज्यानं केलेलं,
भोकाभोकांच्या फळ्यांचं.
आत मेणबत्त्या लागल्या की बाहेर
झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर उजेडाचे ठिपके.
त्यातली एक फळी कुजली होती.
एकच हवी होती.

मी त्याची करवत वाहायचो.
उतरताना तो सांगे: याच्याच काट्यांवर
आईनं माझं पहिलं टोपरं विणलं.
याचीच पासाकानं खाऊन दातांत बिया.
आता यानं मरायचंही आमच्यासाठी?
आणि स्वतःवरच चिडायचा.

तो गेला. पेटी निलगिरीची केली.

यंदा मी नोव्हेंबरातच चढलो, करवत न घेता.
टकटक केली. कान लावला.
आत पाणी, की माझंच रक्त, कळेना.
वर, हात पोचणार नाही तिथं,
एक पांढरं फूल
ऊन चढलं तरी मिटायचं राहिलेलं.

दाराला सध्या पत्रा ठोकलाय.
वारा सुटला की फार वाजतो.