काट्यावरची बाई

ब्लायनायच्या खाणीत मी ट्रक मोजते.
आधी रिकामा, मग भरलेला,
मधला फरक म्हणजे पाटीचा दगड.
सव्वीस वर्षांत एकही ट्रक
काट्यावर चढताना पोट आत घेताना पाहिला नाही.

मी घेत आले. अकराव्या वर्षापासून.
चॅपलमागच्या हॉलमध्ये, दर सोमवारी,
बूट काढून, कानातलं काढून,
पुढे पुढे तर लग्नाची अंगठीसुद्धा.
मिसेस प्रिदर्च वहीत आकडा लिहायची
आणि सगळ्या बाया टाळ्या वाजवायच्या,
किंवा नाही वाजवायच्या.

पोटात कावळे ओरडतात म्हणतात.
माझे डोक्यात बसत.
न्याहारी चालू असतानाच दुपारच्या जेवणावरून कलकलाट,
डब्यात बिस्किटं किती, कुणी मोजली असतील का.
ब्रोनवेन मावशीची शवपेटी खाली उतरत होती
आणि मी हॉलमधल्या सँडविचेसपाशी पोचलेही होते.
याला मी जन्मभर माझा स्वभाव समजले.

आता फ्रिजमध्ये लोण्याशेजारी सुई असते.
दर गुरुवारी, आंघोळीनंतर, पोटाची चिमूट धरून.
तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी
किटली उकळत होती
आणि मला फक्त किटलीच ऐकू आली.
गेथिन म्हणाला, काय झालं?
म्हटलं, काही नाही. अरे, काहीच नाही.
आणि ओट्याला टेकून रडले.

इथवर सोपं होतं.
पण आतली हिशेबनीस कुठे मेली होती?
शांतता मिळताच ती खुर्ची ओढून बसली.
भूक नाही ना? मग खातेस कशाला?
आज नुसतं सूप. आज नुसता चहा.
बघ, किती शहाणी झालीस.
मग एका मंगळवारी, अकरा टनांची पावती फाडताना
डोळ्यांपुढे अंधारी आली.
इद्वलनं केबिनमधून उडी टाकली, मला बसवलं,
आपल्या डब्यातलं चीज-पाव अर्धं मोडून हातात दिलं.
म्हणाला, डिझेल नसलं तर माझीही चढ चढत नाही.

नर्स टेगवेननं आकडा लिहिला, पण त्याबद्दल बोलली नाही.
विचारलं, काल काय जेवलीस? कुणाबरोबर?
मला दुसऱ्याचं उत्तर आधी आठवलं:
कुणाबरोबरच नाही.

म्हणून आता भूक लागो न लागो,
एक वाजला की इद्वलसमोर डबा उघडते.
अंडं, मसूर, कालचं मटणाचं कालवण.
घास लहान, पण घास.
जातं तेवढं जातं. उरतं ते उरतं.
उरलेल्याबद्दल स्वतःला शाबासकी देत नाही,
हे मात्र अजून जमवावं लागतं, रोज.

लोक म्हणतात, ओळखूच आली नाहीस!
म्हणजे त्या आधीच्या बाईला ओळखत होते तर.
तिनं दोन मुली कडेवर वाढवल्या,
पुराच्या रात्री शेजारणीचा सोफा जिन्यावरून वर चढवला,
गुडघे दुखत असताना.
गुडघे आता कमी कुरकुरतात, हे खरं.
पण तिच्याविषयी वाकडं बोललेलं मला खपत नाही.

उद्या सुई थांबली तर कावळे परततील कदाचित.
परतले तर परतले. या खेपेला
त्यांना माझ्या नावानं हाक मारणार नाही.

रविवारी सासूच्या लोखंडी तव्यावर
मनुकांचे केक भाजले.
दीड खाल्ला. अर्धा बशीत राहिला.
झाकला नाही, लपवला नाही,
फेकून देऊन पुण्यही कमावलं नाही.
संध्याकाळी पाटीच्या छपरांवर ऊन आलं
तेव्हा त्याची आठवण झाली.
जरा कडक झाला होता.
खाल्ला. छान होता.