मानस

जुव्याच्या बांधाला एक लाकडी दार आहे,
भरतीला आपसूक मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
त्याला आम्ही मानस म्हणतो.
घाटावरून आलेला एक मजूर म्हणाला,
आमच्याकडे मानस म्हणजे मन.
मी हसलो.
रात्री मात्र कुशी बदलत राहिलो.

मी बोस्त्यांव. बांध राखतो.
सांतान माझा धाकटा भाऊ.
बाप गेला त्या साली त्याने हद्दीचा दगड
दोन हात अलीकडे सरकवला.
दोन हात म्हणजे एक माड आणि त्याची सावली.
कोर्टात नऊ वर्षं गेली.
माड वठला. राग नाही वठला.

दर शनिवारी मी इगर्जीत कुमसाराला गुडघे टेकतो.
जाळीपलीकडे फादर एल्विनो,
खोकल्याच्या गोळीचा वास.
"फादर, भावाचं मरण चिंतलं."
"किती वेळा?"
आधी बोटांवर मोजून सांगायचो.
आता म्हणतो, गेल्या शनिवारएवढंच.
एक आमच्या बापा, पाच नमान.
बाहेर येतो तेव्हा अंग हलकं असतं,
दोरीवर वाळलेल्या शर्टासारखं.
तिठ्यावर सांतानची स्कूटर दिसते
आणि शर्टाला पुन्हा घाम.

यंदा उपासाच्या दिवसांत म्हणालो,
"फादर, आता येत नाही.
तोच मेलेला मासा दर आठवड्याला
देवाच्या ताटात वाढायची लाज वाटते."

ते गप्प राहिले. मग भलतंच विचारलं.
"बांध कसा आहे?"
"कुर्ल्यांनी दोन भोकं पाडली."
"बुजवलीस?"
"बुजवली."
"गेल्या आठवड्यात?"
"तेव्हा तीन होती."
"म्हणजे बांध वायाच गेला म्हणायचा."

मी चिडलो. कुमसारात चिडलो!
बाहेर गळ्याएवढं खारं पाणी, फादर,
आत कोरगुटाच्या मुळांशी बगळ्याची पोटरीही बुडत नाही.
वाया कसा जाईल?
कुर्ली कोरणारच. तिला दुसरं काय येतं?
ज्या दिवशी चिखल न घेता घरी बसेन
त्या दिवशी म्हणा वाया गेला.

जाळीपलीकडे गोळी दातांवर वाजली.
"मीसुद्धा गुरुवारी एका म्हाताऱ्या पाद्रीकडे जातो," ते म्हणाले,
"माझीही कुर्ली जुनीच आहे."
कुठली, ते मी विचारलं नाही.
त्या दिवशी नमानं सांगायला ते विसरले.
मी आपणहून सात म्हटली.

पुनवेला उधाण आलं.
पियेदादने बॅटरी दिली, पेंढ्याची जुडी दिली,
आणि पडशील म्हणून एक शिवी.
तिवरांपाशी पाणी बुडबुडत होतं.
पालथा पडलो, खांद्यापर्यंत हात आत घातला.
चिखल गार होता, माझ्या बापाच्या कपाळासारखा.
एक गोळा दाबला. दुसरा.
आणि वाटलं (दमलेल्या माणसाला काहीही वाटतं)
पलीकडून, पाण्याच्या बाजूनं,
कुणीतरी तेच भोक लिंपतंय.
ज्याच्या तळव्यालाच भोक पडलेलं
त्याला हे काम चांगलं कळत असणार.
मी काही बोललो नाही.
चिखलात तोंड उघडत नाहीत.

रविवारी मिस्सेत शांती द्यायची वेळ आली.
सांतान तीन बाकं पुढे.
मागून त्याची मान अगदी बापाची.
मी गेलो नाही. पाय उचलला होता, तेवढंच.
दुपारी त्याला शिव्या दिल्या,
पण जेवणानंतर,
एरवी मी आंघोळीच्या आधीच देतो.

शनिवारी हेही सांगेन.
आता ओहोटी लागलीय.
आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं,
दारात अडकलेला पाला काढायला हवा.