ओल्या सिमेंटवरून गेलेली कोंबडी

बेनिग्ना अजून धड बोलत नाही त्याबद्दल.
नवी जमीन, थापी मारून आरसा केलेली,
आणि पहाटे बघतो तर
दारापासून चुलीपर्यंत तीन बोटांची रांग.
मध्ये एकदा थांबून, मागे वळून,
पुन्हा पुढे.
विउदा. म्हणजे विधवा. आमची काळी कोंबडी.
नाव रंगावरून; नवरे तिचे तीन जिवंत आहेत.

थापी हातात होती. सिमेंट मऊच होतं.
मी वाकलो
आणि वाकलेलाच राहिलो.

तेवीस वर्षं हेच तर बघत आलो होतो,
फक्त उभं. आणि मोठं.

सुक्रेबाहेर आमची चुनखडीची खाण.
आलेल्यांना मी सांगतो, आधी मान मागे टाका.
ही भिंत नव्हती. हा तळ्याचा काठ होता,
सपाट चिखल, उन्हात पापुद्रे धरणारा.
साडेसहा कोटींहून जास्त वर्षं झाली.
मग जमिनीखालून कुणीतरी खांदा लावला,
डोंगर उठले,
आणि दगड झालेला चिखल उभा राहिला
दिवसा भिंतीला टेकवून ठेवलेल्या खाटेसारखा.
म्हणून वाटतं, ते पालीसारखे वर चढत गेले.
शाळेची पोरं इथे हसतात. हसू देतो.

हे परातीएवढे गोल खड्डे लांब मानेवाल्यांचे.
दिवसभर पाला ओरबाडायचे बिचारे.
त्यांच्या कुळात दिवा लावायला कुणी उरलं नाही.
आणि ही तीन बोटं, टोकाला नखाची खूण,
हे दोन पायांवर चालणारे, मांस खाणारे.
यांच्याच भाऊबंदांतली एक धाकटी पाती,
अंगाने लहान, पिसांनी झाकलेली,
आकाशातून दगड पडला त्या वर्षी
कशी कोण जाणे, निभावून गेली.

मला तरी कुठे ठाऊक होतं.
मामा एलेउतेरियो सुरुंग लावायचा,
तो म्हणे, इथे सैतान नाचलाय;
भिंतीच्या पायाशी कोकाची चिमूट ठेवून
मगच वात पेटवायचा.
मग कोर्दोबाहून डॉक्टर इवाना आली,
दोराला लोंबकळत
एकेका पावलाभोवती खडूची रेघ ओढणारी.
एका रविवारी आमच्याकडे जेवली. कोंबडीचं सूप.
ताटलीतलं बेचकीचं हाड तिने चोखलं, पुसलं,
दिव्यासमोर धरलं.
"कासिमिरो, हेच. भिंतीवरच्या त्या तीनबोट्यांतही हेच."
पोकळ हाडं. खवल्यांचे पाय.
अंड्यांवर हात पसरून खुडूक बसणं.
"ते सगळे गेले नाहीत रे. आत्ताच तू एकाची तंगडी खाल्लीस."
बेनिग्नाने छातीवर क्रूस काढला
आणि तिला आणखी वाढलं.

पुढच्या फेब्रुवारीत पाऊस लागून राहिला
आणि भिंतीचा एक पट्टा सुटला.
आवाज आधी, मग धूळ.
त्यात एका पिल्लाची चाल होती, अठ्ठावीस पावलं, मी मोजलेली.
ते आईबरोबर होतं की एकटं, यावर मोठा वाद होता.
वाद मिटला.
इवानाने हातातला खडू खिशात टाकला.
मुकादम म्हणाला, चुनखडी ती चुनखडी.
ट्रक भरले. भट्टी पेटली.
त्या महिन्यात कामगारांना पोती निम्म्या भावात.
बारा मी घेतली.

थापी धुऊन ठेवली.
बेनिग्नाला म्हटलं, राहू दे.
ती म्हणाली, डोकं फिरलंय तुझं.
दोन पावलांवर तिने पाण्याचं मडकं ठेवलंय,
उरलेल्यांवरून रोज झाडू फिरवते,
बोटांच्या खाचांत धूळ अडकली की शिव्या घालते,
मला, कोंबडीला, अख्ख्या कोर्दोबाला.

विउदा दुपारी उंबऱ्यात येते.
एक पाय उचलते, बोटं मिटते,
मान तिरकी करून एकाच डोळ्याने घर न्याहाळते,
जशी काही जागा तिची,
आणि भाडं माझ्याकडे थकलंय.

तर, तिकीट तिथे खिडकीवर. पोरांना फुकट.
भिंत सकाळीच बघा, ऊन तिरपं असताना,
दुपारी खड्डे दिसत नाहीत.
कोंबडी बघायची तर घरी या.