काळी एकवरून काळी पाचवर

भागोजी गुरवांचा पिलू पितळेवर बसवायचाय.
कॅसेट तीच, मल्हारगंजात घरोघरी असलेली,
मुलगी निघताना लावायचे ती.
पार्टी म्हणते, तसंच हवं. पण बँडवर. रस्त्यात.

चौतीस वर्षं मी या बँडचा मास्तर.
कृष्णपुऱ्याच्या पुलापाशी दुकान,
वर टांगलेले लाल कोट, खाली गोधडीत युफोनियम,
आणि ही वही. हिच्यात इंग्रजी टिंबं नाहीत,
सारेगम आहे, आणि कुणी कुठली कळ दाबायची तेवढं.

आधी पट्टी उतरवली.
काळी एक सनईला शोभते,
कॉर्नेटच्या ओठाला महाग पडते.

मग मींड.
भागोजी भोकावरून बोट असं उचलत
जसा झोपलेल्या पोराखालून हात काढावा.
आमच्याकडे तीन कळा. दाबली, नाहीतर सोडली.
अर्धी दाबली की सूर पिंजऱ्यातल्या उंदरासारखा.
म्हणून गंधार वाटून दिले:
कोमल मुन्नालालला, शुद्ध त्याच्या जावयाला,
मधली घसरण ट्रॉम्बोनच्या नळीला.
सासरा-जावई बोलत नाहीत हल्ली.
वाजवताना कळत नाही.

यासीनला दमा.
त्याच्यासाठी चार जागी श्वास लपवले,
ढोलाच्या आड.

राहिली ती एक जागा.
अंतऱ्यावरून उतरताना, पंचमाच्या जरा अलीकडे,
पत्ती चिरली होती त्या दिवशी, आणि
एक चीं.
भागोजींना मरेपर्यंत तिची लाज.
लोकांना नेमकी तीच पाठ,
जिलबी सोडताना हलवाई शिट्टीतसुद्धा घेतो.

कॉर्नेटवर केली, बदक झालं.
क्लॅरिनेटवाला बोलावू का, म्हटलं.
यासीन म्हणाला, मग आम्ही कोट कशाला घालायचे?
शेवटी वहीत लिहिलं: इथे गप्प. एक मात्रा.

सीतलामाता बाजारात मोटार फुलांनी झाकलेली.
उतरलो अंतऱ्यावरून, थांबलो.
हातगाडीवरचा जनरेटर तेवढा घरघरत होता
आणि झुंबर डोक्यावर घेतलेल्या पोरांतला एक,
मान ताठ, नजर समोर,
तोंडानं म्हणाला, चीं.

ड्रायव्हरला नोटा मोजून देणारा मुलीचा बाप
मोजायचा थांबला.
मुन्नालालनं पंचम लावला. पुढे गेलो.

त्या मात्रेवर पेन्सिलीनं आता गोल काढलाय.
नाव विचारायचं राहिलं.
जनरेटरवाल्याकडची पोरं
दर हंगामाला बदलतात.