हयातीचा कागद

साक्षीदाराचा व्यवसाय, असा एक रकाना असतो.
मी लिहितो : वकील व नोटरी, सोलापूर.
त्याखाली : या व्यक्तीस आपण किती वर्षे ओळखता?
इथं माझा पेन अडतो. ती बोटं मोजते.
"अकरा लिहा. अधिक महिने धरू नका."

डोरीन यन्नम. वय एक्क्याऐंशी. जन्म बर्नली, लँकेशायर.
पासपोर्ट ब्रिटिश, राहणार दत्तनगर,
मराठी बोलते ती तेलुगू हेलातली, सासूकडून उचललेली.
गल्ली तिला दोरीनक्का म्हणते.
नव्या पोरांना वाटतं, मागावरच्या दोरीवरून पडलं असेल नाव.
तेही फार चूक नाही.
आई तिची तिकडं मागावरच होती,
नवरा त्याच गिरणीत फिटर.
तिकडचे माग भंगारात गेले, इकडचे खडखडत होते,
म्हणून रिटायर झाल्यावर दोघं या आवाजाकडं आले.
शुक्रवारी वीज गेली की तिला झोप लागत नाही.

नरसय्या गेले तेव्हा पहिल्यांदा आली माझ्याकडं.
पासपोर्टात नरसय्या, पालिकेच्या दाखल्यावर नरसप्पा,
बँकेत नुसतेच एन. आर.
मी प्रतिज्ञापत्र केलं :
वरील तिन्ही नावे एकाच इसमाची आहेत.
तिनं चष्मा लावून सगळं वाचलं.
म्हणाली, "एकच होता ते बरं झालं.
तिघांचा स्वयंपाक झाला नसता मला."
मग कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली
बराच वेळ बसून राहिली.

पेन्शन आठवड्याला सत्त्याण्णव पौंड.
आली त्या साली सत्त्याण्णव, सोळा वर्षांनी सत्त्याण्णव.
धाकटी बहीण बर्नलीतच राहिली,
तिची दर एप्रिलात वाढते.
फिलिपाइन्सला गेली असती तर हिचीही वाढली असती.
भारताशी तसा करार नाही, असं छापील उत्तर आहे,
मी ते तिच्या फायलीत टाचणी लावून ठेवलंय.
चव्वेचाळीस अंशांच्या या गावात
गोठून राहिलेली तेवढी एकच वस्तू.

परवाच्या साली कागद आलाच नाही.
कुठं गहाळ झाला कोण जाणे, पोस्टमन बदलला होता.
कागद गेला नाही म्हणून पेन्शन थांबली,
आणि वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या कुठल्याशा कपाटात
दोरीनक्का वारली.
इथं ती शेंगा कुटत होती.
माझ्याच टेबलावरून फोन लावला,
चाळीस मिनिटं सनईसारखं काहीतरी वाजत होतं,
मग एक मुलगी आली लाइनवर.
तिचा आवाज ऐकून म्हातारी ताठ बसली,
"अगं, तू आमच्याकडची!"
मुलीनं विचारलं, सोलापूरचं स्पेलिंग सांगा.
आणि आपण हयात आहात याला पुरावा काय?
दोरीनक्का माझ्याकडं बघत राहिली.
मी शिक्का उचलून दाखवला, जणू फोनमधून दिसणार होता.

चार महिन्यांनी जिवंत झाली. थकबाकीसकट.
त्या पैशांतून इन्व्हर्टर घेतला, बहिणीला कळवलं नाही.

एक पाकीट माझ्या कपाटात आहे,
पत्ता तिच्याच अक्षरात, तिकिटं चिकटवलेली.
ते मी टाकायचं, ती गेली की, त्याच आठवड्यात.
"त्यांचा एक पेनीही जास्त नको."
तिकिटांचे दर मधे दोनदा वाढले.
मी वरून लावत आलोय, तिला न सांगता.

आज पुन्हा तो रकाना.
मी विचारलं, "यंदा बारा ना?"
म्हणाली, "बारा. बघा,
या कागदावर तेवढं एकच वाढतं."
सही केली, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली.
शंभराची नोट तिनं सरळ करून ठेवली, पावती मागितली,
आणि पावतीची वाट न बघताच उठली,
आज पाचवा दिवस,
साडेअकराला नळ येतो.