दाराची जागा

खापरी अठरा वर्षांची.
मांड्याच्या खापरासारखी काळी, म्हणून खापरी.
आता मानेखाली राखाडी पडलीय,
चूल विझल्यावर पडते तशी.

दोंडाईच्यात मिरची दळणारा मी.
माझ्याकडे येणारं माणूस बोलण्याआधी शिंकतं.
ही कधी शिंकली नाही.
लाल भुकटीत लोळायची, पंजे चाटायची,
डोळ्यांत टिपूस नाही.

आता जेवते, वाटी चाटते,
चार पावलं जाते, परत येते,
वाटीकडे बघते, मग माझ्याकडे,
जणू सकाळपासून उपाशी ठेवलंय मी.
पहिल्यांदा हसलो.
दुसऱ्यांदा दूध घातलं.
तिसऱ्यांदा ओरडलो, आणि मग
कुणावर ओरडलो ते कळेना.

गिऱ्हाइकाच्या गोणीवर मुतली एकदा.
पाच किलो मिरची गुपचूप बदलून दिली.
सोनाबाईला अजून माहीत नाही.

कोपऱ्यात शिरते
आणि मागे फिरायचं विसरते.
दोन भिंतींना नाक लावून उभी,
शिक्षा झालेल्या पोरासारखी.
उचलून काट्यावर ठेवली: दीड किलो,
आणि काटा माझा आहे, थोडा जास्तच दाखवतो.

ढोरांच्या दवाखान्यात नेली.
रांगेत दोन बैल, एक गाभण म्हैस,
आणि पिशवीतून डोकं काढलेली ही.
डॉक्टर म्हणाले, डोकं म्हातारं झालंय.
याला औषध नाही.
घरातलं सामान हलवू नका,
रात्री दिवा राहू द्या.
म्हटलं, हलवायला आहे कोण,
बायको सुरतला, पोराकडे.

पण रात्री तीनला ती ओरडते.
मांजराचा आवाज नाही तो.
आडस्टेशनावर कुणी उतरावं
आणि न्यायला कुणीच आलेलं नसावं, तसा.
आणि दर वेळी तीच भिंत.
उत्तरेची, कोरी, कॅलेंडरसुद्धा नाही तिथे.
तिथे नाक, तिथे पंजा,
उघड म्हणते, उघड.

मे महिना. लाईट गेलेली.
पत्रा अजून दुपारच्याच उन्हात.
टॉर्च आडवा धरला तर चुन्याखाली
चौकटीची रेघ उमटली.

तिथे दार होतं.

दारापलीकडे भिकन राहतो. माझा धाकटा.
नऊ वर्षांपूर्वी गिरणी माझ्याकडे आली,
कूलरच्या मोटारी भरायचं दुकान त्याच्याकडे,
आणि मधलं दार विटांकडे.
तेव्हापासून कानबाईचे रोटही वेगळे.
नळावर गाठ पडली तर
दोघंही पाण्याकडे बघतो.

सामान हलवू नका म्हणे.
नऊ वर्षं उशिरा म्हणाले डॉक्टर.

तिच्याजवळ बसलो त्या रात्री.
म्हटलं, दार नाही गं तिथे.
ती ओरडली.
तेव्हा पलीकडून,
विटांतून दमत दमत आलेला आवाज:
"आठेच शे व माय, मी आठेच शे."

स्वतःच्याच घरात चोरासारखा
श्वास धरून बसलो.
खापरीचे कान पुढे.
मग पाय पोटाखाली घेतले
आणि तिथेच झोपली, फरशीवर.
किती रात्री तो असं बोलत आला असेल,
मी डोक्यावर उशी घेऊन पडलेला.

सकाळी नळावर त्याची कळशी आधी लागली.
मी पाण्याकडे बघितलं.

आता तिचं गोणपाट त्या भिंतीशी टाकलंय.
वाटीही तिथेच. वर झिरोचा बल्ब.
काल ती उठलीच नाही.
तीन वाजले. सव्वातीन.
पोटावर हात ठेवला: वर-खाली होत होतं.

पलीकडे खाट करकरली.
मग बोटाच्या पेरानं एक टकटक,
बऱ्याच वेळानं दुसरी.

काय बोलावं सुचेना.
मी नखांनी
भिंत खरवडली.